येळवशीला आळंदला, उंदीर धरायला

लोक तीर्थाला जातात, लग्नाला जातात, कज्जाच्या तारखेला जातात. मी उंदीर धरायला गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. बिदरहून आळंदला मोटारीनं जायचा कुणाचा विचार असेल तर वाट, खाणं, मुक्काम सगळं यात आहे. उंदीर नको असतील तर तेवढे गाळून वाचा. मग फारसं काही उरणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

माझा धाकटा भाऊ शरणू. त्याचं बिदरात तुरीचं दुकान. त्याची बायको लवकर गेली, म्हणून त्याची मुलगी विमल माझ्याकडं, बिदरला लागून असलेल्या नौबादला वाढली. आता ती हैदराबादला कॉलेजात प्राण्यांचं शास्त्र शिकते आणि सुट्टीला आली की दुकानातल्या पोत्यांमागं वाकून बसते. मागच्या खेपेला आळंदकडून आलेल्या तुरीच्या पोत्यातून एक रानउंदीर निघाला. दुसऱ्या कुठल्या पोरीनं किंकाळी मारली असती. हिनं तो डब्यात घालून हैदराबादला नेला.

तिनं मला समजावून सांगितलं ते असं. प्रत्येक जिवाच्या अंगात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक बारीक खोल्या असतात, आणि खोलीखोलीत दोरे. त्यांना ते लोक गुणसूत्रं म्हणतात. माणसाच्या दोऱ्यांची संख्या ठरलेली, बैलाची ठरलेली, तशी उंदराचीही. पण आमच्याकडच्या लाल मातीतल्या रानउंदराचे दोरे जेवढे भरतात, तेवढे त्या आळंदच्या उंदराचे भरेनात. अंगानं दोघे जुळे, आत हिशेब वेगळा. तिचे सर म्हणाले, तूच मोजायला चुकलीस. पोत्यातला उंदीर कुठून चढला कोण जाणे, आळंदच्या रानातला आणून दाखव. सर अमावस्येनंतर लगेच परगावी जाणार होते. त्याआधी दोन्हीकडचे जिवंत नर उंदीर टेबलावर आले नाहीत तर हे काम ते दुसऱ्या मुलाला देणार होते.

"मंग दे म्हणावं," मी म्हटलं. "त्या पोराला उंदीर, तुला सुटका."

विमल उठून सरळ दुकानातल्या पोत्यांमागं जाऊन बसली.

संध्याकाळी शरणू आला. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. आळंदचे बसण्णा आणि त्याची बायको नीलव्वा, घरंदाज माणसं, शेती भरपूर, मुलगा सोलापुरात अडतीवर. शरणू म्हणाला, "अक्का, उंदराचं निमित्त बरं हाय. पोरगी दाखवून आण. त्यांनी व्हय म्हटलं की फाल्गुनात बार उडवू. कॉलेज बंद."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्यात माझी अक्कलही घातली. म्हटलं, येळवशीच्या दिवशीच नेते. मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या म्हणजे आमच्या मुलखात सगळा गाव शेतात. कडब्याची खोप, तिच्यात पाच दगडांची पूजा, आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे. पोरगी इरकल नेसून चारचौघींत वाढताना दिसेल. विमलला मी एवढंच सांगितलं की बसण्णाच्या रानात उंदीर मुबलक आहेत. आपण किती हुशार आहोत असं वाटून मी त्या दिवशी चहात साखर दोनदा घातली. आमच्या घरचे म्हणाले, "जा, चार दिवस घरात शांतता ऱ्हाईल."

आमच्याकडचे उंदीर धरणं सोपं गेलं. नौबादच्या माळावर मुरमात बारीक बिळं असतात. हा उंदीर बिळाच्या तोंडाशी खडे रचतो, अंगणात रांगोळी घालावी तसे. गडी खणत होता, विमल पालथी पडून हात घालत होती, आणि मी लिंबाखाली बसून "नीट धर, नीट धर" म्हणत होते. उंदीर हातात आला की ती शेपटी वर करून बघायची. दोरे बघायला नरच लागतो म्हणे. रस्त्यानं चाललेली माणसं थांबून बघत होती. मी त्यांना सांगितलं, पोरगी डॉक्टरकी शिकते. उंदरांच्या डॉक्टरकीला अजून आपल्याकडं चांगलं नाव नाही.

भोकं पाडलेल्या डब्यांत ज्वारी, कापूस आणि मुळ्याचा तुकडा घालून आम्ही सकाळची हुमनाबादची सरकारी मोटार धरली. जागा हवी असेल तर अड्ड्यावर लवकर जा आणि पुढं बसा, मागं बसलात तर उतरताना तुमचाच चेहरा तुम्हाला ओळखू येणार नाही, इतकी लाल धूळ. बायकांची जागा म्हणून जे बाक असतं त्यावर पुरुषच बसलेले असतात. मी एकाकडं नुसतं बघितलं, तो उठला. माझ्या चेहऱ्याचा एवढा एक उपयोग आहे.

शेजारी मोठ्या पागोट्याचे एक आजोबा होते. डबा माझ्या मांडीवर.

"अक्का, डब्यात करकर कामून वाजायलंय?"

"लाह्या हायत."

"लाह्या आपल्या आपण वाजतेत व्हय?"

"ताज्या हायत."

थोड्या वेळानं त्यांनी धोतराचा सोगा उचलून बघितला. "लई ताज्या दिसायल्यात," ते म्हणाले. "मुतायल्यात."

सगळी मोटार हसली. विमल खिडकीबाहेर तोंड करून बसली, पण तिचे खांदे हलत होते.

मागच्या बाकावर राज्याची चर्चा चालली होती. हैदराबाद मोडणार, तुकडे होणार, हे आता पोरासोरांच्याही तोंडी आहे. एक जण म्हणाला, "आपण म्हैसूरकडं जाणार म्हणे." दुसरा म्हणाला, "छे, मुंबईकडं." तिसरा तंबाखू मळत म्हणाला, "मी कुठं बी जायलो न्हाई. मी हुमनाबादला उतरणार हाय."

हुमनाबादला मोटार बदलून कल्याणला गेलो, मुंबईजवळचं नव्हे, आमच्या मुलखातलं कल्याण. मुक्काम तिथं करा, पुढची गाडी त्या दिवशी मिळेलच असं नाही. बाजारात चुरमुऱ्याचा सुसला आणि मिरचीची भजी खा, भज्यांनंतर पाणी पिऊ नका, गूळ खा. आम्ही मठात उतरलो. मठात जेवणाचे पैसे कुणी मागत नाही आणि कोण कुठले हेही विचारत नाही. वाढणाऱ्या बाईनं फक्त डब्यांकडं बोट केलं. मी पुन्हा लाह्या म्हणणार, तेवढ्यात विमल म्हणाली, "उंदीर हायत." बाईनं काही न बोलता चिमूटभर भात आणून डब्यावर ठेवला. जेवायच्या वेळी आला तो पंगतीला, असा तिथला रिवाज. पुढं असाच एक रिवाज माझ्या अंगावर येणार होता, पण तेव्हा मी भाताला तूप कमी आहे म्हणून कुरकुरत होते.

कल्याण ते आळंद हा रस्ता नावाला रस्ता आहे. पण बघण्यासारखा. लाल माती पातळ होत जाते, मध्ये कुठं करडी, कुठं पांढरट, आणि मग कधी झालं कळत नाही, काळीभोर. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या पडलेल्या, ज्वारी कमरेएवढी, हरभऱ्याचा आंबट वास मोटारीत येत होता. विमल खिडकीला चिकटली होती. "आत्या, इथं बदलली बघ. न्हाई, इथं." तिला मातीचं पडलं होतं. मी तिच्या केसांतली धूळ झटकत होते, नीलव्वाला पोरगी भुरकट दिसायला नको म्हणून.

आळंदला पोचलो, रात्र काढली आणि अमावस्येच्या सकाळी बसण्णाच्या बैलगाडीतून शेतात गेलो. नीलव्वा माझ्याच वयाची, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. अर्धं कन्नड, अर्धं मराठी. "बर्री यवा, या, या," म्हणत तिनं विमलच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. विमलनं इरकल नेसली होती, खोपीत वाकून पाच दगडांना कुंकू लावलं, आंबील वाढली आणि सांडली नाही. मी मनात फाल्गुनाची तिथी काढली.

जेवण मी सांगत बसत नाही. तुम्ही येळवशीची भज्जी खाल्ली असेल तर सांगायला नको, नसेल तर सांगून उपयोग नाही.

जेवणाआधी बसण्णा मडकं घेऊन शेताला फेरी घालून आला, आंबील आणि अन्न चहूकडं उडवत. त्याला चरगा म्हणतात. पाखरं, मुंग्या, किडे, सगळ्यांना त्या दिवशी जेवण. तेव्हाच शेताच्या बांधावर विमलला बीळ दिसलं होतं. आपलं जेवण आटपून ती हात धुऊन आली आणि सरळ बसण्णाला म्हणाली, "मामा, कुदळ हाय का? बांध थोडा खणायचाय."

नीलव्वानं हातातला उंडा खाली ठेवला.

"आज?" नीलव्वा म्हणाली. "आज काळ्या आईला कुदळ लावतीस? पीक पोटात घेऊन बसलीय ती. तिचं डोहाळजेवण करायलोय आमी, आन तू तिचं पोट खणतीस?"

विमलनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं. दरवर्षी मी स्वतः येळवस करते. त्या दिवशी शेतात विळासुद्धा कुणी लावत नाही, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. पण मी तो दिवस इरकलीसाठी निवडला होता, उंदराचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. उंदीर म्हणजे दुय्यम काम, ते आपोआप होईल, असं धरून मी चालले होते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची मोटार. ती चुकली तर सर परगावी.

"उंदीर पायजे हिला," मी पुटपुटले.

"उंदीर? पोरगी दाखवायला म्हणून आलाव ना तुमी? शरणप्पांचा तसा निरोप हाय."

"आत्या?" विमल म्हणाली. एवढंच.

मला एकाएकी आंबील फार आवडायला लागली. मी तोंड मडक्यात घातलं ते वर काढलंच नाही.

विमल रडली नाही, चिडलीही नाही. ती नीलव्वाच्या समोर मांडी घालून बसली. "मावशी, मला हे ठाऊक न्हवतं. मी उंदरासाठीच आले." मग तिनं सगळं सांगितलं, दोरे, लाल माती, काळी माती, सर काय म्हणाले ते. बसण्णा हसायला लागला. नीलव्वा हसली नाही.

"नेऊन मारणार व्हय?" तिनं विचारलं.

इथं मी असते तर खोटं बोलले असते. गळ्यात शिवाचं लिंग बांधलेल्या, मांसमच्छी वर्ज्य असलेल्या बाईसमोर, पूजेच्या दिवशी, कुणीही बोललं असतं. विमल म्हणाली, "व्हय. हैदराबादला नेल्यावर."

 मला वाटलं, झालं, सोयरीकही गेली, उंदीरही गेला, आता गाडी जुंपून देतील.

नीलव्वा उंड्याचा तुकडा मोडत म्हणाली, "मळणीला, राशीच्या टायमाला आमी बिळात धूर घालतो. त्यात किती मरतेत, आमी मोजत बी न्हाई. ही मोजायली तरी." मग नवऱ्याकडं वळून, "पण खणू देणार न्हाई मी आज. काही झालं तरी."

"खणत न्हाई," विमल घाईनं म्हणाली. "ती कडब्याची गंजी हाय ना बांधाला, मागल्या सालची? तिच्याखाली असतेत. पेंढ्या उचलून बाजूला ठेवू आन परत रचून देऊ. मातीला हात लावायचा न्हाई."

"अगं, जेवून सुस्त झालोय आमी," बसण्णा म्हणाला.

"अवो, येळवशीला रानात आलेल्या माणसाला रित्या हातानं धाडतेत का?" नीलव्वा उठली आणि पदर खोचला. "काय पायजे ते ती सांगायली. उठा."

झालं. सणाच्या दिवशी, पोटभर जेवून, ते अख्खं घर माझ्या भाचीसाठी कडब्याच्या पेंढ्या उचलायला लागलं. मी एका बाजूला उभी राहून सूचना देत होते, तो माझा धंदाच आहे. "मी लहानपणी हातानं उंदीर धरायची," असंही म्हटलं. ते धादांत खोटं होतं, पण जेवणानंतर माणूस बोलतो.

शेवटची पेंढी उचलली आणि उंदीर सुटले. विमल एकीकडं झेपावली, बसण्णा दुसरीकडं, आणि एक सरळ माझ्याकडं आला. मी पळाले. नऊवारी नेसून नांगरटीत कुणी पळू नये, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चार पावलांत पडले, आणि तो प्राणी माझ्या लुगड्याच्या घोळात शिरला.

"आत्या, हलू नको!" विमल ओरडली. "बाकीचे पळाले. तुझ्यातला एकच ऱ्हायलाय!"

"माझ्यातला?" मी किंचाळले. "नीलव्वा, काढ गं, चढायलाय, चढायलाय!"

"अक्का, गप पड," नीलव्वा म्हणाली आणि माझ्यावर बसली. खरंच बसली. बसण्णा लाजून बैलांकडं निघून गेला. विमलनं बाहेरून घोळ मुठीत धरला, नीलव्वानं निरी सोडली, आणि जिला मी पोरगी दाखवायला आले होते तिला मी स्वतःच जेवढी दिसायची तेवढी दिसले. उंदीर निघाला. विमलनं त्याला वर धरला, शेपटी उचलली.

"नर हाय!" असा आनंद मी बाळंतिणीच्या घरात मुलगा झाल्यावरही ऐकला नाही.

नीलव्वानं तो उंदीर जवळून बघितला. "तुमच्याकडचा दाखव," म्हणाली. विमलनं दुसरा डबा उघडून फडक्याआडून दाखवला. काटेरी केस तेच, पोट पांढरं तेच, शेपूट तेवढंच. "सारखेच की. मंग दोरे मोजून काय कळतंय?"

"लई वेगळे निघाले, तर इकडच्या नराचं तिकडच्या मादीशी जमणार न्हाई. पिल्लं व्हायची न्हाईत, न्हाईतर पिल्लांचा वंश पुढं चालायचा न्हाई. असं असू शकतं."

नीलव्वा माझ्याकडं बघून खदाखदा हसायला लागली. मी निरी सावरत होते. "ऐकलंस का अक्का? सोयरीक करायच्या आधी दोरे मोजावं म्हणायली तुझी पोरगी. मोजू दे तिला आधी. आमचं पोरगं कुठं पळून जायलंय?"

ती हो म्हणाली की नाही म्हणाली, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

सगळ्यांनी मिळून गंजी परत रचली. मीही चार पेंढ्या उचलल्या. पहाटेची मोटार मिळाली.

परतीच्या वाटेवर विमल खिडकीशी बसली. आळंदचा डबा तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला, बिदरचे माझ्याकडं दिले. कल्याण गेलं तेव्हा म्हणाली, "तू मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"आले असते. दुसऱ्या दिवशी."

मी मुळा सोलून उंदरांना घातला. हुमनाबादला तिची हैदराबादची मोटार उभी होती. डबे घेऊन चढली, मग पायरीवरून वळून म्हणाली, "अप्पाला काय सांगणार?" मी म्हटलं, "बघते." मोटार निघाली. माझ्या मांडीवर डबा नव्हता आणि मला उगाच रितंरितं वाटायला लागलं, बाळंतीण लेक सासरी गेल्यावर वाटतं तसं. उंदरांसाठी! मी स्वतःला शिवी घातली आणि भजी घेतली.

बिदरला शरणू अड्ड्यावरच उभा होता.

"काय म्हणाले ते?"

मला हो सांगता आलं असतं. त्यानं दुसऱ्याच दिवशी गुरुजींना बोलावलं असतं. "ते म्हणायलेत, पोरीचं मोजून होऊ द्या," मी म्हटलं.

"मोजायचं कामून पण? काय पडलंय त्यात?"

मग मी त्याला समजावून सांगितलं. रस्त्यात उभं राहून, हातवारे करून. खोल्या, दोरे, लाल, काळी. शेजारचा पानवालाही ऐकायला आला. त्यातलं निम्मं चुकीचं होतं असं विमलनं नंतर सांगितलं. दोऱ्यांना मी गाठी असतात म्हटलं होतं, त्या नसतात. पण मी इतक्या मोठ्या आवाजात बोलत होते की शरणू मान हलवत राहिला. त्यानं माझी पिशवी उचलली आणि वाटेत एकदाच विचारलं, "आन माणसाचे बी असतेत?"

नंतरचे दिवस वाईट गेले. भाकरी करपल्या. घरचे म्हणाले, कुणाचा निकाल लागायचाय का? मी म्हटलं, गप बसा.

संक्रांतीला विमल आली. टांगा दारात थांबला आणि ती खाली उतरायच्या आत मी ओरडले, "किती भरले?"

"माझंच बरोबर," ती म्हणाली. "आळंदचे वेगळेच. सरांनी स्वतः बसून मोजले. म्हणाले, काम तुझ्याकडंच ऱ्हाईल."

शरणू ओटीवर होता. त्यानं हिशेबी माणसासारखं विचारलं, "म्हणजे झालं तर. संपलं शिक्षण."

"न्हाई अप्पा. एक उंदीर बस होत न्हाई. आन सर म्हणायलेत, मधली गावं बघायला पायजेत. इकडचे कुठं संपतेत आन तिकडचे कुठं सुरू होतेत, का मध्ये कुठं दोन्ही एकत्र ऱ्हातेत."

शरणू माझ्याकडं बघायला लागला. आमच्या घरात असं बघितलं की मी निकाल देते, आणि तो नेहमी त्याच्याच बाजूचा असतो. लहानपणापासूनची सवय आहे दोघांची.

"माझ्याकडं काय बघायलास?" मी म्हटलं. "कल्याणच्या पलीकडं माती बदलते, ते मी बघितलंय. तिथलेच आधी बघायला पायजेत. फाल्गुनात ऊन फार होतं, त्याच्या आधी जायला पायजे."

 विमलनं पिशवीतून रिकामे डबे काढले आणि माझ्यापुढं ठेवले. मी ते धुवायला घेतले.